टाकीत उतरलेला दुसरा माणूस

त्या दिवशी दुपारी मला दोन फोन आले, आणि त्या दोन फोनांच्या मधल्या वेळात मी विधवा होते. माण तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीवर हुलगे निवडत बसले होते. पहिला फोन बोटीवरच्या आचाऱ्याचा, गणपतचा. "ताई, दाजी टाकीत पडलं. हलंनात. या लगीच." दाजी म्हणजे माझे यजमान, संपतराव. माझे थोरले भाऊ हणमंतदादा त्यांना दाजी म्हणत, म्हणून सगळी बोटच त्यांना दाजी म्हणे. शेजारच्यांच्या जीपमध्ये मला कुणी बसवलं, पायात चपला होत्या की नव्हत्या, काही आठवत नाही. गाव मागं पडतंय तोच दुसरा फोन आला. "ताई, दाजीस्नी वर काढलं. श्वास चालू हाय. दवाखान्यात न्यायला लागल्यात." मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. जीपवाल्याला म्हटलं, वाचले बाबा, वाचले. पलीकडे गणपत रडत म्हणाला, "पर त्यास्नी काढाय दादा उतरलं व्हतं... ते न्हाई आलं वर." मी फोन कानाला तसाच धरून बसले आणि जीप साताऱ्याच्या रस्त्याला लागली.

दादाला जाऊन आता काही आठवडे झाले. दुखवट्याला आलेल्या प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं, "भावानं बहिणीचं कुंकू राखलं." पोलीस पाटलांनी म्हटलं, दादाच्या बरोबरीच्या माणसांनी म्हटलं, आमच्या चुलतीनं तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हटलं. मी भिंतीला टेकून बसलेली, आणि माझ्या शेजारी शालनवहिनी, दादाची बायको, मोकळ्या कपाळाची. माझं कुंकू राखलं म्हणजे कुणाचं पुसलं, हे त्यांच्या तोंडावर बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही. आपल्या लोकांना मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असलं की जिवंत माणसाची शुद्ध राहत नाही. शेवटी मीच एकदा ओरडले, "गप बसा की आता!" मग लोक म्हणाले, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेल. पण मला दादाबद्दल त्या वाक्यापेक्षा जास्त काही माहीत आहे, आणि ते सांगायचं म्हणून हे लिहायला बसले.

आमचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याकाठी. मूळ गाव पाण्याखाली आहे. मी जन्मले ती वर डोंगराच्या कुशीत सरकवलेल्या गावात, पण आई बोलायची ती खालच्याच गावाबद्दल, जणू भाकरी थापायला वर आलीय आणि झोपायला खाली जाणार आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी मागं सरलं की देवीच्या जुन्या देवळाचं जोतं उघडं पडतं. तेव्हा पालखी चिखलातून खाली नेतात, जोत्यावर गुलाल वाहतात, आणि पुन्हा वर्षभर देवी पाण्यात. दादा लहानपणापासून पाण्यातलाच. शाळेत मन नाही, शेतात मन नाही. साताऱ्यात फिटरचं शिक्षण घेतलं, मुंबईत गोदीत लागला आणि तिथून जहाजावर गेला. गावातली बाकीची पोरं फौजेत गेली होती. त्यांचे गणवेशातले फोटो घराघरांत लागले. आमच्याकडे दादाचा एक फोटो आला, त्यात तो कामाचा अंगभर एकसंध निळा बॉयलर सूट घालून एका जाड पाईपाशेजारी हसत उभा. आईनं कौतुकानं विचारलं, "हे काय असतंय रं? इंजिन?" दादानं सांगितलं, "संडासाचा पाईप हाय आई." आईनं तो फोटो भिंतीवरून काढून धान्याच्या कोठीमागं ठेवलं.

"एवढा समुद्र वलांडून गेला, आन् करतोय काय तर लोकांचं..." एवढं बोलून ती थांबायची. पुढचा शब्द ती कधीच उच्चारत नसे. दादाला मात्र लाज कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. खरं तर थोडी असती तर आमची जेवणं सुखाची झाली असती. सुट्टीवर आला की ताटावर बसून सांगायचा. जहाजावर पाणी कसं मोजून वापरतात, बटण दाबलं की हवा घाण कशी खेचून नेते, मोठ्या टाकीत जंतू कसे पाळलेले असतात. "कोंबड्या पाळल्यागत पाळायचं त्यास्नी. हवा द्यायची, खायला घालायचं. कुणी शहाण्यानं फिनेल वतलं की मेलं सगळं, मग आठवडाभर नाक दाबून बसा." वहिनी म्हणायच्या, "आवं, मानसं जेवत्यात." तो म्हणायचा, "मग? जेवत्यात म्हणूनच सांगतोय." आणि आपल्याच विनोदावर सगळ्यात मोठ्यानं हसायचा. रागही तसाच. एकदा वहिनींनी घरातल्या संडासात शिळी आमटी ओतली, तर दोन दिवस बोलला नाही.

जहाज सोडून गावी आला तेव्हा आमच्या पाण्यावर पर्यटकांच्या बोटी सुरू झाल्या होत्या. एका मालकानं राहायची बोट बांधली. खाली-वर खोल्या, गच्चीवर झोपाळा, आणि प्रत्येक खोलीला संडास. दादाला देखभालीला बोलावलं. त्यानं पहिल्याच दिवशी मजल्याखाली वाकून पाहिलं, तर संडासाचे सगळे पाईप टाकीत येत होते, आणि टाकीच्या तळातून एक पाईप सरळ पाण्यात उतरत होता, मध्ये एक कॉक. मालकाचं म्हणणं, टाकी भरली की कॉक फिरवायचा, एवढ्या मोठ्या पाण्यात काय कळतंय? दादानं तो पाईप कापला आणि तोंडावर पत्रा ठेवून वेल्डिंग मारलं. मालक तापला. दादा म्हणाला, "खाली आमचं गाव हाय. देवी हाय. आन् काठावरची वाडी ह्याच पाण्यानं भात शिजवती. तुमास्नी कॉक फिरवायचा आसंल तर दुसरा मानूस बघा." दुसरा माणूस मिळण्यासारखा नव्हता. ज्यांना ते काम येतं ते तिथं येऊन राहणार नव्हते, आणि जे तिथं राहतात ते त्या कामाला हात लावणार नव्हते. म्हणून दादाचं चाललं. बोट काठावर नेऊन, टँकर बोलावून, टाकी नळीनं उपसायची असं ठरलं.

पाहुणे बोटीवर चढले की दादा त्यांना आधी संडास दाखवायचा. नवीन लग्न झालेली जोडपी लाजायची, सांगलीकडची बागायतदार मंडळी हसायची. "आधी हँडल मारून थोडं पानी घ्यायचं, मग बसायचं, मग दमानं हँडल मारायचं, पानी स्वच्छ दिसूस्तवर. कागूद, पुडी, बाळाचं लंगोट, काय बी आत टाकायचं न्हाई." तरी टाकायचेच. मग दादा बॉयलर सूट चढवून खाली शिरायचा, पाईप खोलायचा आणि जे निघेल ते बादलीत घालून गच्चीवर आणून विचारायचा, "हे कुणाचं?" मालकाला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. एखादी बाई मात्र विचारायची, "काका, पण हे शेवटी जातं कुठं?" त्या बाईला दादा स्वतः चहा करून द्यायचा.

संपतरावांना त्यानंच बोलावून घेतलं. आमच्या सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या विहिरी खोदणारी. माणचा खडक, पाणी खोल. संपतरावांचं सगळं तारुण्य जमिनीच्या पोटात गेलं. मग यंत्रं आली, बोअर आले, आणि हातानं विहीर खोदणाऱ्याला कोण विचारतो? घरी बसून माणूस खंगायला लागला तेव्हा दादा म्हणाला, "दाजी, चला माझ्याकडं. तुमी पानी शोधत व्हता, हितं पानीच पानी हाय." तेव्हापासून दोघं बोटीवर. हंगाम चालू असला की संपतराव तिकडेच राहायचे, मी मध्ये मध्ये जायचे. दोघांचं जमायचं तेवढंच भांडायचंही. भांडणाचा विषय एकच, कंदील.

आमच्याकडे जुन्या, बंद विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात. कंदील विझला तर उतरायचं नाही, हवा खराब आहे. जळत राहिला तर उतरायचं. संपतरावांच्या आज्यानं हे केलं, वडिलांनी केलं, त्यांनी स्वतः केलं, आणि त्यांच्या घरातलं कुणी हवेनं मेलं नाही. खडक अंगावर पडून मेले, दोर तुटून मेले, पण हवेनं नाही. दादा सांगून थकला, "आवं दाजी, ही हिर न्हवं. कंदील जळायपुरती हवा हाय का न्हाई, एवढंच त्यो सांगतोय. घाणीतला वायू मिसळला आसला तर कंदील बी जळंल आन् तुमी बी मराल. नायतर टाकीच भडकायची." संपतराव म्हणायचे, "आमच्या म्हाताऱ्याला कंदिलानं कवा दगा दिला न्हाई." मग दादा जहाजावरची गोष्ट सांगायचा. कुठल्याशा बंदरात शेजारच्या जहाजावर एक माणूस टाकीत उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, त्याला काढायला तिसरा. "पयला मानूस चुकून मरतोय," दादा म्हणायचा, "दुसरा मायेनं मरतोय. म्हणून पयला पडला तर दुसऱ्यानं जाग्यावरनं हलायचं न्हाई. बोंबलायचं, हवा सोडायची, पर हलायचं न्हाई." हे त्यानं गणपतला सांगितलं होतं, पाहुण्यांना सांगितलं होतं, मला तर इतक्यांदा सांगितलं होतं की मी त्याच्याआधी वाक्य पुरं करायचे.

यंदा पाऊस थांबता थांबेना. घाटातला रस्ता खचला आणि टँकर यायचा बंद झाला. बोट पावसाळाभर काठाला बांधून होती, आणि टाकीत हंगामाच्या शेवटची घाण तशीच. रस्ता झाला तेव्हा टँकर आला आणि वरचं पातळ ओढून घेऊन गेला. तळाला घट्ट थर राहिला, शेणाच्या खड्ड्यात राहतो तसा. दादाची अशा वेळची रीत ठरलेली होती. झाकणं उघडी टाकायची, पंख्यानं दिवसभर आत हवा मारायची, वरूनच पाणी सोडून लांब बांबूनं ढवळायचं, पुन्हा उपसायचं. लागलं तर हेच पुन्हा पुन्हा करायचं, पण आत पाय ठेवायचा नाही. नेमकी पंख्याची मोटर जळलेली. तिच्या तारा साताऱ्याहून नव्यानं भरून आणायला दादा सकाळी गेला. जाताना पांढरे कपडे घातले, कारण साताऱ्याला तो नेहमी पांढऱ्या कपड्यातच जायचा. झाकण उघडून ठेवलं आणि संपतरावांना म्हणाला, "मी येऊस्तवर आत कुणी उतरायचं न्हाई."

संपतराव उतरले. का उतरले, ते मी त्यांना एकदाच विचारलं. म्हणाले, "वाटलं, दादा दमून येतील. येऊस्तवर उरकून टाकावं." त्यांनी कंदील सोडला. कंदील चांगला जळत होता, वास तर नेहमीचाच. गणपत नको नको म्हणत होता, त्याला त्यांनी हसून गप्प केलं. खाली गेले आणि खोऱ्यानं तळाचा थर उचकटला... कंदील जळतच होता. घाणीच्या थराखाली वायू कोंडलेला असतो आणि ढवळल्याबरोबर सुटतो, हे मला नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. मी त्यांना म्हटलं, मला माहीत आहे. माझा भाऊ जेवताना सांगायचा.

पुढचं गणपतनं सांगितलं तसं. त्यानं मला फोन केला आणि गच्चीवरून बोंबलायला लागला, तेवढ्यात दादा मोटर खांद्यावर घेऊन काठावर उतरत होता. मोटर त्यानं चिखलात टाकली. झाकणापाशी आला, वाकून पाहिलं. गणपत म्हणाला, "दादा, तुमीच सांगितलंया, उतरायचं न्हाई." दादा म्हणाला, "व्हय." एवढंच. क्षणभर तो तिथंच उभा राहिला, म्हणजे विसरला नव्हता, घाबरून गेला नव्हता, सगळं त्याच्या डोक्यात होतं. मग त्यानं बोटीचा दोर घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि पांढऱ्या कपड्यांनिशी आत गेला. संपतरावांच्या काखेतून दोर ओवला, गाठ मारली, दोर हलवला. गणपत आणि काठावरच्या दोघांनी ओढलं. संपतरावांचं ओझं दोरावर आलं, झाकणाच्या तोंडाशी अडकलं. तेव्हा खालून दादानं खांदा लावून वर ढकललं. तिथं त्याचा श्वास सुटला असणार. दोर सोडून पुन्हा खाली टाकला तेव्हा तो घ्यायला कुणी नव्हतं. त्या दोघांपैकी एक तिसरा म्हणून उतरायला निघाला, त्याला गणपतनं कंबरेला मिठी मारून धरलं आणि सोडलं नाही. त्या मिठीबद्दल लोक गणपतला भेकड म्हणतात. माझ्या मते त्या दिवशी दादाचं ऐकणारा तेवढा एकच माणूस बोटीवर होता.

मला दादाचा राग येतो. लिहिते ते खरं लिहिते. त्याला कळत होतं. चुकून मेलेल्या माणसाला माफ करता येतं, पण कळून-सवरून उतरलेल्याचं काय करायचं? माझ्या डोळ्यांसमोर तो "व्हय" म्हणत उभा राहतो, आणि मला वाटतं त्याला मागून सदऱ्याला धरून ओढावं. मग दिसतं की त्याला ओढलं तर खाली संपतराव आहेत. असं मी रोज त्याला ओढते आणि रोज सोडते. संपतराव समोर बसून भाकरी खात असतात. कधी मला त्यांच्याकडे बघवत नाही, कधी त्यांच्यावरून नजर काढवत नाही. तेही कमी बोलतात. दवाखान्यातून आले तेव्हा खोकला होता, तो गेला. एक गोष्ट मात्र परत आली नाही. त्यांना वास येत नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी बसून राहिले, तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीही येणार. "कुणाला सांगू नगंस," ते म्हणाले, "वहिनीस्नी तर न्हाईच. त्यांचा मानूस गेला, आन् मी काय नाकाचं रडत बसू?" म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. वहिनी हे वाचणार नाहीत, त्यांना अक्षरओळख नाही. कुणी वाचून दाखवलं तर दाखवलं.

वहिनी त्या दिवसापासून संपतरावांशी बोलल्या नव्हत्या. वाईट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे विधी होईपर्यंत ते अंगणात दगडावर बसून राहिले. आत या, असं वहिनींनी म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हटल्याशिवाय हे उंबरा ओलांडणार नव्हते. दिवाळी आली. दुःखाच्या घरी पहिल्या सणाला चूल गोडाची पेटत नाही, जवळच्यांनी जेवण घेऊन जायचं असतं. मी पोळ्या केल्या आणि संपतरावांना म्हटलं, चला. त्यांनी सदरा चढवला, काढला, पुन्हा चढवला.

वहिनी दारात आल्या. माझ्या हातातला डबा घेतला. संपतराव दगडाकडे वळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दाजी, तिथं नगा बसू. आत या." दादाच्या घरात मागच्या दाराला लागून न्हाणीघर आहे, कामावरून आला की तो आधी तिकडे जायचा, मग घरात. वहिनी तिकडे गेल्या आणि त्याचा निळा बॉयलर सूट घेऊन आल्या. साताऱ्याला जायच्या आदल्या दिवशी काढून खुंटीला लावलेला, तसाच. "बाकीचं समदं कपडं वाटून टाकलं," त्या म्हणाल्या. "हा तेवढा ऱ्हायला. धुतला न्हाई. पयल्यांदा वास येत व्हता त्यांचा. आता मला येईना झालाय... माझंच नाक मेलं का वासच गेला, कळंना. वास गेला आसंल तर धुऊन टाकते, उगं ठिवून काय करू?" आणि त्यांनी तो सूट संपतरावांपुढं धरला. "तुमी त्यांच्या जवळ आसायचा. तुमाला येतोय का बघा."

मी पुढं होऊन तो घेणार होते. काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. पण संपतरावांनी आधीच हात पुढं केले होते. त्यांनी सूट दोन्ही हातांत घेतला, चेहरा त्यात खुपसला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. वहिनी एकटक बघत होत्या.

"येतोय," ते म्हणाले.

"कशाचा?"

"डिझेलचा. त्या लाल साबणाचा. आन् हितं खिशापाशी तंबाखूचा." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् त्यांचा सोताचा. लय येतोय, वहिनी."

वहिनींनी सूट त्यांच्या हातातून घेतला, बाह्या सारख्या केल्या. "मग ऱ्हाऊ दे तसाच," म्हणाल्या, आणि न्हाणीघराच्या दाराआडच्या खुंटीला पुन्हा अडकवून आल्या. मग तीन ताटं वाढली.